गावातील सत्तेवर लघुप्रबंध लिहिताना या चुका टाळा

दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर ग्रामीण सत्ता, जात आणि राजकीय संघर्ष या विषयांवरील पदव्युत्तर लघुप्रबंध माझ्याकडे वाचायला येतात आणि गावांची नावे बदलली तरी चुका त्याच असतात. विद्यार्थी मेहनत घेत नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु ती सारी मेहनत प्रश्नावल्या भरून घेण्यात खर्ची पडते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे गावातील शांततेला सहमती समजणे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने मराठवाड्यातील एक गाव अभ्यासासाठी निवडले होते. तेथील ग्रामपंचायत सलग तीन वेळा बिनविरोध निवडून आली होती. पारावर बसणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलाखती घेऊन त्याने ‘या गावात राजकीय संघर्ष आढळत नाही’ असा निष्कर्ष लिहून आणला. मी त्याला एवढेच विचारले की उमेदवारी अर्ज किती आले होते. त्याला ते ठाऊक नव्हते. तहसील कार्यालयात खेटे घालून त्याने छाननी झालेल्या आणि मागे घेतलेल्या अर्जांच्या याद्या मिळवल्या, तेव्हा दिसले की माघारीच्या शेवटच्या दिवशी तीन अर्ज परत घेतले गेले होते आणि तिन्ही अर्जदार एकाच वस्तीतले होते. ती वस्ती त्याने पाहिली होती. परंतु तो डिसेंबरमध्ये गेला होता, लोक ऊसतोडीला गेलेले होते आणि बहुतेक घरांना कुलपे होती. कुलूपबंद घरांना त्याने आपल्या नमुना निवडीतून सरळ वगळले होते.

हंगाम संपल्यावर मी त्याला पुन्हा पाठवले. पहिले काही दिवस कोणी बोलेना. मग हळूहळू कळले की वस्तीतील बहुतेक जोडप्यांना उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देणारा मुकादम (ऊसतोड मजुरांचा कंत्राटदार) हा पॅनेलप्रमुखाच्या भावकीतला होता. अर्जदारांना कोणी धमकावले नव्हते, मारहाण तर दूरच. ‘पुढच्या उचलीचे काय करायचे’ एवढी विचारणा पुरली होती. सत्तेचा हा व्यवहार ना ग्रामसभेच्या इतिवृत्तात सापडतो, ना पोलीस ठाण्याच्या नोंदीत. लघुप्रबंध सहा महिने लांबला आणि विद्यार्थी माझ्यावर नाराज झाला. तरीही मी आज तेच करीन. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस गावी जाऊन सत्तेचा अभ्यास पूर्ण होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

बिनविरोध हा शब्द किती गोष्टी झाकतो, हे जानेवारी 2021 मध्ये सर्वांनीच पाहिले. सरपंच आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे आढळल्यावर राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द केल्या. म्हणून मी कोणत्याही गावात निवडून आलेल्यांच्या आधी माघार घेतलेल्यांची यादी वाचतो.

दुसरी चूक याच्या जवळची आहे: लोकांचे मत हाच गावाचा नियम समजणे. ‘तुमच्या गावात भेदभाव होतो का?’ या प्रश्नाला जवळपास सगळे ‘नाही’ म्हणतात आणि विद्यार्थी त्या उत्तरांची टक्केवारी काढून मोकळे होतात. सामाजिक नियम मोडला जाईपर्यंत दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये संमत झाला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केले; कागदांवर भरवसा ठेवणाऱ्या अभ्यासकाला 1925 मध्ये महाडात भेदभाव संपलेला दिसला असता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्रत्यक्ष प्यायले, तेव्हा झालेल्या मारहाणीतून आणि तळ्याच्या ‘शुद्धीकरणा’तून खरा नियम उघड झाला, आणि तळ्याच्या वापराबाबत उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. आजही सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. पण एखाद्या गावात त्याखाली गुन्हा नोंदलेला नाही, याचा अर्थ तेथे कोणी वाळीत पडलेले नाही असा होत नाही. मी मत विचारत नाही. शेवटचे कोणी रीत मोडली, त्यानंतर त्या घरी लग्नाला कोण आले नाही, पिठाची गिरणी आणि किराणा दुकान त्यांना चालू राहिले का, आणि गावात स्मशानभूमी किती आहेत, हे विचारतो.

लोकसंख्येत मोठी असलेली जात म्हणजे प्रभुत्वशाली जात, असे लिहू नये. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ही संकल्पना मांडताना संख्येबरोबर आर्थिक आणि राजकीय बळही मोजले होते, त्यामुळे सातबारा, सोसायटी आणि दूध संकलन केंद्र कोणाच्या हाती आहे हे पाहिल्याशिवाय तो शब्द वापरू नये. महिला सरपंचांची मुलाखत त्यांच्या पतीच्या उपस्थितीत घेतली असेल, तर ती पतीची मुलाखत म्हणून नोंदवावी. जातीचा रकाना प्रश्नावलीच्या सुरुवातीला ठेवू नये. ‘सत्ता’ हा शब्द तोंडी प्रश्नात टाळावा, कारण ऐकणारा लगेच मुंबईतल्या सरकारविषयी बोलू लागतो. ‘गावात कोणाचे चालते?’ असे विचारावे.

गावाचे नाव बदलले म्हणजे ओळख लपली, असे मानणे ही चूक मात्र माणसांना महागात पडते. तालुका, धरणापासूनचे अंतर आणि सरपंचाचे वय एवढे दिले की गाव कोणालाही ओळखता येते. वर सांगितलेल्या तीन अर्जदारांचा प्रभाग, वय आणि नाते आम्ही अंतिम प्रतीतून काढून टाकले. त्यामुळे एक प्रकरण दुबळे झाले, परीक्षकांनी त्याबद्दल गुण कमी केले, आणि विद्यार्थ्याने तक्रार न करता ते स्वीकारले, कारण पुढच्या हंगामाची उचल त्या तिघांना त्याच मुकादमाकडून घ्यायची होती.