जुन्या मारुती ८००ला सेकंडहँड इंजिन बसवताना

भावा, इंजिन घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घे, तिन्ही सिलिंडरचं रीडिंग जवळजवळ सारखं आलं पाहिजे, आणि ऑइल कॅप उघडून आत चहासारखा फेस दिसला की तिथनंच माघारी फिर. बिल पक्कं घे बरं का, इंजिन नंबर आरसीवर चढवायला आरटीओत लागतंय.

जुनं इंजिन काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सोड, आणि प्रत्येक वायरचा मोबाईलवर फोटो काढ, नाहीतर नंतर डोकं खाजवत बसशील.

खरी गंमत इथं हाय, नवं आणलेलं इंजिन चेनब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) लटकलेलं असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील नवीन टाक. मी सीलचे पैसे वाचवले, महिन्यात क्लच प्लेट तेलात भिजली, परत गिअरबॉक्स खाली! इंजिनचे रबरी माऊंट कापले असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतील.

गिअरबॉक्स जोडताना क्लच प्लेट सेंटरला नसली तर शाफ्ट आत जातच नाही, बोल्ट आवळून ओढू नको, हलवत हलवत बसव. पहिल्यांदा इग्निशन कॉईलच्या वायरचा प्लग काढून, म्हणजे ठिणगी पडणार नाही, नुसता सेल्फ मार, ऑइलचा लाल दिवा विझला की मगच चालू कर.