सीपॅपचा मास्क : या चुका टाळा

स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा बंद पडून श्वास अडण्याच्या आजारासाठी, सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) घेतले, दाब डॉक्टरांनी ठरवून दिला, रोज लावूनही झोपतो, तरी सकाळी डोके जडच. अशा वेळी संशय मशीनवर जातो, पण दोष पुष्कळदा मास्कमध्ये असतो. दाब किती लागेल, हवा किती गळेल आणि घसा खरोखर उघडा राहील का, हे बऱ्याच अंशी मास्कच्या प्रकारावर ठरते.

सुरुवातच फुल फेस मास्कने करणे

‘मी तोंड उघडे टाकून झोपतो’ एवढे ऐकले की नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क हातात दिला जातो. आमच्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. फक्त नाकातून आलेली दाबाची हवा मऊ टाळूला पुढे जिभेकडे ढकलते आणि त्यामागची वाट मोकळी ठेवते. तीच हवा तोंडातूनही आली की टाळूच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा होतो आणि ही ढकल उरत नाही. त्यात पट्टे आवळले की खालचा जबडा मागे रेटला जातो व जीभही घशाकडे सरकते. उताणे झोपणाऱ्यांना याचा त्रास अधिक. म्हणून नेझल मास्कवर (फक्त नाक झाकणाऱ्या) ज्याचे 8 सेंमी पाण्याच्या दाबावर (सीपॅपचा दाब याच एककात मोजतात) भागते, त्याला फुल फेसवर जास्त दाब लागू शकतो. दाब वाढला की कडांतून हवा सुटते, हवा सुटली की पट्टे आणखी आवळले जातात, आणि जबडा आणखी मागे जातो.

आधी नाक तपासा. तोंड मिटून तीन-चार मिनिटे बसून, मग आडवे होऊन फक्त नाकाने श्वास घ्या. जमत असेल तर नेझल किंवा पिलो मास्कने (नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशांचा) सुरुवात करा. घसा बंद पडतो म्हणून तोंड उघडणारे कितीतरी जण असतात. दाबाने वाट उघडी राहू लागली की त्यांचे तोंड आपोआप मिटते. नाक चोंदत असेल तर सलाईन स्प्रे, ॲलर्जीवरील उपचार किंवा वाकडा पडदा याबद्दल नाक-कान-घसा तज्ज्ञांना भेटा. एवढे करूनही नाक बंदच राहणाऱ्यांना फुल फेस लागतो. तो लावून ज्यांना बरे वाटते आणि ज्यांचा मशीनमधला रिपोर्टही चांगला आहे, त्यांनी उगाच बदलू नये.

तोंडावर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. नाक चोंदलेले असताना, उलटीची भावना असताना किंवा रात्री वीज जाण्याची शक्यता असताना तो धोक्याचा आहे. मशीन बंद पडले की नेझल मास्कमध्ये तोंड हीच श्वासाची वाट उरते. फुल फेसमध्ये यासाठीच सुरक्षा झडप असते. ती धुताना अडकलेली तर नाही ना, हे पाहा.

मास्क बदलला, पण दाब आणि सेटिंग तेच ठेवले

झोपेच्या चाचणीत दाब नेझल मास्कवर ठरला आणि घरी फुल फेस लावला, तर तो दाब अपुरा पडू शकतो. मास्कचा प्रकार बदलला की डॉक्टरांना कळवा आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांचा रिपोर्ट दाखवा. उरलेला एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा) 5 च्या खाली हवा. रेसमेड कंपनीच्या मशीनवर गळतीची मर्यादा मिनिटाला 24 लिटर धरतात. तिथे मेनूत पिलो, नेझल की फुल फेस हेही निवडावे लागते. ते चुकले तर मशीनचा गळतीचा हिशेबच चुकतो. दाब मात्र स्वतःहून वाढवू नका.

बसून मास्क लावणे

आडवे झाल्यावर गालांचा आकार बदलतो. म्हणून मशीन सुरू करा, नेहमीच्या कुशीवर झोपा, मास्क थोडा पुढे ओढून सोडा म्हणजे कुशन हवेने फुगून चेहऱ्यावर बसेल. त्यानंतरच पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. हवा डोळ्यांकडे येत असेल तर बहुतेक वेळा आकार मोठा असतो. फुल फेसचे माप तोंड किंचित उघडून घ्यावे. श्वास बाहेर सोडण्यासाठी ठेवलेली छिद्रे ‘गळती’ समजून कधीही बंद करू नका.

झोपण्यापूर्वी खोबरेल तेल किंवा क्रीम लावले की सिलिकॉन घसरते आणि लवकर नरम पडते. दाढी-मिशी दाट असेल तर पिलो मास्क अधिक नीट बसतो.

गोव्याचा पावसाळा विसरणे

जून ते सप्टेंबर हवेत मुळातच ओल असते. एसी 20 वर आणि ह्युमिडिफायर (मशीनची हवा दमट करणारी पाण्याची टाकी) मोठ्यावर ठेवला की थंड नळीत पाणी साचते, गुरगुर होते व थेंब नाकात येतात. ह्युमिडिफायर एक-दोन पायऱ्या खाली आणा, एसी 25-26 वर ठेवा, नळीवर कापडी कव्हर चढवा आणि मशीन खाटेच्या पातळीखाली ठेवा. टाकीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको, डिस्टिल्ड पाणीच घाला. कुशन रोज सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. उन्हाने सिलिकॉन आणि पट्टे खराब होतात. फिल्टर दमट, काळपट दिसला की तारीख न पाहता बदला. खाणपट्ट्यात, लाल धुळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांनी तर उन्हाळ्यातही हे पाहत राहावे.

विजेचा लपंडाव चालतो तिथे इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या आणि वीज गेल्यावर ह्युमिडिफायर बंद करा. सर्वांत जास्त वीज तोच खातो. चतुर्थीला मूळ घरी जाताना मशीन नेणारे हमखास एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे टाकी रिकामी करणे. पाणी मशीनमध्ये शिरले तर ते निकामी होऊ शकते.

चुंबकाच्या क्लिपा

काही मास्कचे पट्टे चुंबकी क्लिपांनी जोडलेले असतात. पेसमेकर, इतर इलेक्ट्रॉनिक रोपण किंवा डोक्यात धातूची क्लिप असलेल्यांनी असा मास्क घेऊ नये. त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यानेही तो वापरू नये, कारण चुंबक रोपणापासून किमान 15 सेंमी दूर राहायला हवे. विकत घेताना क्लिपा चुंबकी आहेत का ते विचारा. तेच मॉडेल साध्या क्लिपांसह मिळते का, तेही पाहा.