फ्रेंच अँपार्फे वापरताना या चुका टाळा

अँपार्फे हा फ्रेंचमधला चालवायला सगळ्यात सोपा भूतकाळ. एक नियम, एक अपवाद. तरी निबंध लिहायला बसलं की हाच अडवतो, कारण मनातलं मराठी वाक्य आधी इंग्रजीत जातं आणि मग फ्रेंचमध्ये उतरतं. इंग्रजीचं 'वेंट' म्हणजे 'गेलो'ही आणि 'जायचो'ही. मराठीत मात्र हा भेद रूपातच आहे: 'जात होतो', 'जायचो' असेल तर अँपार्फे, 'गेलो' असेल तर पासे कॉम्पोझे (घडून गेलेल्या कृतीचा भूतकाळ). मधली इंग्रजी काढून टाका, बऱ्याच चुका तिथेच थांबतात. पण काही ठिकाणी मराठीही फसवते, ती ठिकाणं खाली येतीलच. (उच्चार देवनागरीत जवळपासचेच देता येतात. 'झ' हा 'प्लेझर'मधला समजा.)

मूळ धातूवरून रूप बनवणं

'फिनीर'वरून (संपवणे) थेट 'फिने' लिहिलं जातं, ते चूक. आधी वर्तमानकाळातलं 'नू'चं (म्हणजे 'आम्ही'चं) रूप घ्या: नू फिनिसों. शेवटचे ओ-एन-एस काढा आणि क्रमाने हे प्रत्यय लावा: ए-आय-एस, ए-आय-एस, ए-आय-टी, आय-ओ-एन-एस, आय-ई-झेड, ए-आय-ई-एन-टी. झ फिनिसे, नू फिनिसियों. याच वाटेने 'ब्वार' (पिणे) नू ब्यूवोंवरून झ ब्यूवे होतं आणि 'प्रांद्र' (घेणे) नू प्रनोंवरून झ प्रने. म्हणजे इथे अडखळणाऱ्याचं बहुतेक वेळा अँपार्फे कच्चं नसतं, वर्तमानकाळातलं 'नू' कच्चं असतं. आधी ते पक्कं करा.

अपवाद फक्त 'एत्र'चा (असणे), कारण 'नू सोम'मधून काढायला ओ-एन-एसच नाही. त्याचा धातू ई-टी. मूळ क्रियापदातल्या पहिल्या 'ई'वर टोपी असते, इथे ती जाऊन साधी तिरकी रेघ येते. टोपी तशीच ठेवणं ही हमखास होणारी चूक.

'मांझे' (खाणे) लिहिताना 'जी'नंतरचा 'ई' गाळला, तर पुढच्या 'ए'मुळे 'जी'चा उच्चार 'ग' होतो आणि शब्द 'मांगे' वाचला जातो. म्हणून 'झ मांझे'मध्ये तो 'ई' हवाच. पण नू मांझियों, वू मांझिए यांत प्रत्ययाचा 'आय' तेच काम करतो, तिथे 'ई' नको. 'कोमांसे'मधल्या (सुरू करणे) 'सी'खालच्या शेपटीचंही तसंच: 'ए'च्या आधी लावा, 'आय'च्या आधी काढा. 'एत्युदिए' (अभ्यास करणे) या क्रियापदाचं 'नू'चं रूप दोन 'आय' घेतं. ते चुकीचं दिसतं म्हणून एक खोडू नका. एक खोडलात की वर्तमानकाळ झाला.

बोलताना: 'झ' आणि 'झे'

ही चूक वहीत दिसत नाही, म्हणून खूप काळ टिकते. 'झ मांझे' म्हणजे मी खात होतो, 'झे मांझे' म्हणजे मी खाल्लं. शेवटच्या स्वरात फरक आहे (अँपार्फेत तोंड किंचित जास्त उघडतं), पण ऐकणारा मुख्यतः पहिला शब्द पकडतो. आपल्याकडे 'झ'ला सवयीने 'झे' म्हटलं जातं, आणि अख्खा काळ बदलतो. 'झ' म्हणताना ओठ किंचित पुढे काढा आणि स्वर अर्ध्यावर सोडा. दोन्ही वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, वेगळी ऐकू आली पाहिजेत.

ए-आय-ई-एन-टी हा प्रत्यय लांबलचक दिसतो, पण त्याचा उच्चार ए-आय-एससारखाच. शेवटी 'आं' लावू नका. आणि 'फेर'चं (करणे) रूप 'फेझे' नाही, 'फझे'.

'होतो' दिसलं की अँपार्फे?

मराठी सगळ्यात जास्त फसवते ती इथे. 'काल मी मुंबईला गेलो होतो' असं आपण सहज म्हणतो, पण अर्थ असतो फक्त 'गेलो'. फ्रेंचमध्ये 'इयेर, झ स्वी आले आ मुंबई', म्हणजे पासे कॉम्पोझे. 'होतो' पाहून 'झाले' (झ + आले, 'जाणे'चं अँपार्फे) लिहिलंत तर अर्थ 'जात होतो' होईल. म्हणून 'होतो'च्या आधीचं रूप बघा: 'जात' असेल तर अँपार्फे, 'गेलो' असेल तर नाही.

दुसरी फसगत मोजलेल्या काळाची. 'काल दिवसभर पाऊस पडत होता' यात 'पडत होता' असलं, तरी फ्रेंच सहसा 'ईल आ प्ल्यू तूत ला झुर्ने' म्हणते, कारण दिवस संपला, काळाला कुंपण पडलं. 'मी पुण्यात पाच वर्षं राहत होतो' हेही तसंच: झे आबिते आ पुणे पांदां सँकां. तेच 'ते भेटले तेव्हा मी पाच वर्षांपासून पुण्यात राहत होतो' म्हटलं की राहणं अजून चालू आहे, म्हणून झाबिते, आणि सोबत 'दप्वी' ('पासून').

'खात होतो'चे दोन तुकडे पाडून 'झेते मांझे' म्हणू नका. ते 'मला खाल्लं जात होतं' असं ऐकू येतं. अँपार्फे एकाच शब्दात असतो. कृती ऐन चालू होती हे ठसवायचंच असेल, तर 'झेते आं त्रँ द मांझे' म्हणा.

'सी'नंतर

'वेळ असता तर आलो असतो.' मराठीत दोन्हीकडे 'असत-' येतं, म्हणून फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल ('आलो असतो'सारखं अटीचं रूप) टाकलं जातं: 'सी झोरे…'. ते चूक. 'सी'च्या ('जर'च्या) बाजूला अँपार्फे, दुसऱ्या बाजूला कोंदिस्योनेल: सी झावे ल तां, झ व्यँद्रे. फ्रेंच शाळांत मुलांना हेच घोकून घेतात, की 'सी'ला 'रे' (कोंदिस्योनेलचा शेवट) आवडत नाही.