केक मिक्सचा फ्रूट कॉब्लर: वरची पूड कोरडी राहू नये म्हणून

फ्रूट कॉब्लर म्हणजे खाली रसाळ फळं आणि वर भाजलेला खुसखुशीत थर, इथे तो केक मिक्सच्या तयार पुडीचा. ओव्हन 180 अंशांवर तापत ठेवा. 8 इंची चौकोनी भांडं, अर्धा किलो चिरलेलं फळ, 250 ग्रॅम व्हॅनिला केक मिक्स आणि 100 ग्रॅम बटर, एवढंच सामान लागतं. अंडं नाही, दूध नाही, फेटणं तर नाहीच. पाकिटामागची कृती केकची असते, ती इथे वाचूच नका.

फळ कुठलंही चालतं, फक्त रसाळ हवं. कोल्हापुरात आंबा घाट चढून हापूस आला की मी हापूस घेते, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एरवी अननस. हापूस जरा करकरीत असतानाच घ्या, पिकून मऊ झालेल्याचा ओव्हनमध्ये आमरस होतो. फोडींवर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. स्ट्रॉबेरी असेल तर दोन चमचे साखर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर घाला. मिश्रण भांड्यात पसरा.

आता खरी मेख. केक मिक्स फळांवर कोरडंच भुरभुरायचं आणि चमचा लांब ठेवायचा. ढवळलंत की खाली चिकट लगदा होतो, मग कितीही भाजा, तो सुटत नाही. पूड भिजते ती दोन बाजूंनी: खालून फळांचा रस उकळून वर चढतो आणि वरून बटर झिरपतं. जिथे दोन्ही पोचत नाहीत तिथे पांढरा, कच्च्या पिठाचा डाग राहतो. पहिला घास त्याच जागचा आला तर पाहुणा दुसरा घेत नाही.

'बटरचे तुकडे वर टाका, आपोआप पसरतात' असं जागोजागी सांगतात. अजिबात पसरत नाहीत. तुकड्याखाली तेलकट खड्डा पडतो आणि शेजारी कोरडी पूड तशीच राहते. बटर पूर्ण वितळवा आणि चमच्याने बारीक धारेत ओता, कडेकडेने सुरुवात करून मध्याकडे या. सगळ्यात आधी कोपरे भिजवा, कोरडे राहतात ते तेच. पुडीचा थर कुठेही बोटाच्या पेरापेक्षा जाड नको.

साजूक तूप इथे वापरू नका. तुपात पाणी नसतं, त्यामुळे पूड नुसती भाजली जाते आणि रवाळ, वाळूसारखी राहते. बटरमध्ये थोडं पाणी असतं, त्याची वाफ पिठाला शिजवते. घरचं लोणी चालतं, पण ताक नीट निथळून घ्या आणि चिमूटभर मीठ घाला. बाजारचं खारं बटर असेल तर मीठ नको.

25 मिनिटांनी दार उघडून बघा. पांढरे डाग दिसले तर त्यांच्यावरच चमचाभर फळाचा रस किंवा दूध सोडा आणि भांडं परत आत ढकला. वाट बघून डाग जात नाहीत, ओल दिल्यावरच जातात. एकूण 40 ते 45 मिनिटं लागतात. कडेने दाट रस बुडबुडायला लागला आणि वर खमंग तांबूस रंग आला की झालं. रंग कमी वाटला तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कॉइल ठेवा.

कुकरमध्ये करू नका. झाकणावरचं पाणी परत पुडीवर पडतं आणि वरचा खुसखुशीतपणा येतच नाही.

काढल्यावर पंधरा मिनिटं थांबा, तोवर रस घट्ट होतो. उरलाच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर नरम पडतो.