क्लेझ्मर वाजवायला घेताय? शास्त्रीय हाताच्या या चुका टाळा

व्हायोलिन किंवा क्लॅरिनेटवर पाश्चात्त्य शास्त्रीय तालीम झालेला माणूस पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांचं हे संगीत वाजवायला घेतो. सूर पक्के, लय पक्की, तरी जाणकार म्हणतो, "छान, पण हे क्लेझ्मर नाही."

बहुतेकदा घोळ असतो 'क्रेख्त्स'चा. क्रेख्त्स म्हणजे हुंदका. कागदावर वर बारीक स्वर दिसला की आपला हात सवयीने ट्रिल करतो (दोन शेजारचे स्वर झपाझप आलटून पालटून), किंवा त्यावर व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, ओततो. व्हायोलिनवर असं करून बघा: मूळ स्वर धरा, तो संपता संपता वरचं बोट तारेला नुसतं शिवू द्या आणि त्याच क्षणी बो (गज) थांबवा. वरचा स्वर स्पष्ट ऐकू आला, तर बोट जास्त दाबलंत. घसा दाटून आवाज तुटावा तसं वाटायला हवं. मात्र प्रत्येक स्वरावर हुंदका नको. वऱ्हाडी नाचायला आलेत.

दुसरी चूक हार्मनीच्या, म्हणजे सुरांना कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) जोडण्याच्या, तासाला शिकलेली. 'फ्रेगिश' या सुरावटीत आपल्या बसंत मुखारी रागाचेच स्वर: रे, ध, नी कोमल, बाकी शुद्ध. (साम्य स्वरांपुरतंच, रागाचं चलन इथे आणू नका.) डी षड्ज धरला की शास्त्रीय हात ए सेव्हन कॉर्डवरून डीवर उतरतो. त्या कॉर्डमध्ये सी शार्प, म्हणजे शुद्ध नी, आणि रंगच उडतो. सी मायनरवरून डी मेजरवर या. कोमल नी आणि कोमल रे दोन्ही त्यात आहेत, म्हणून शेवट घरी आल्यासारखा लागतो.

उपज म्हणजे जॅझसारखं कॉर्डांवर नवं काही रचायचं, असं धरून चालू नका. नाचाच्या चालीत धून तीच, दर फेरीला अलंकार बदलायचे. मोकळं सुटायचं असेल तर 'दोयना' आहे: रुमानियाकडून आलेला, तालाबाहेरचा. साथीदार एक कॉर्ड धरून बसतात आणि तुमच्या सुराच्या इशाऱ्यावर तो बदलतात. आलाप ऐकत वाढलेल्यांना हे लवकर उमगतं, पण तेच मग त्यात रमून बसतात. जुन्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे) तबकडीवर दोयना आणि त्यामागचा नाच मिळून तीनेक मिनिटांत आटपायचं.

ऐकण्याचा क्रमही चुकतो. शास्त्रीय व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांचा 1995 चा क्लेझ्मर अल्बम सुंदर आहे, पण सुरुवात त्याने नको. तेही तिथे मुरलेल्या क्लेझ्मर वादकांसोबतच बसले होते. आधी 1920 च्या दशकातले न्यूयॉर्कचे क्लॅरिनेटवाले ऐका, नफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टारास. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने लावा, वाद्य पेटीत ठेवा आणि गा.

'होरा' हा संथ नाच वॉल्ट्झसारखा मोजू नका. तीन मात्रांतली मधली जवळजवळ गाळायची, पहिली आणि तिसरी तेवढी टेकवायची, लंगडत चालल्यासारखी. जमत नसेल तर उठून खोलीभर तशीच पावलं टाकून बघा, मग व्हायोलिन उचला.