ओल्ड सॅन हुआनला जाताय? मग या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की न्यू जर्सीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: "पोर्तो रिकोला चाललोय. ओल्ड सॅन हुआनला अर्धा दिवस पुरेल ना?" पुरेल की! नुसता फोटो काढून परत यायचं असेल तर दोन तासही पुरतील. पोर्तो रिकोच्या राजधानीचा हा तटबंदीतला जुना भाग, १५२१ पासून नांदत असलेलं शहर, बीच आणि बफे यांच्या मधल्या फटीत बसवायचं, आणि आल्यावर "ठीकठाक होतं, पण फार ऊन" असं लिहायचं. ऊन असणारच. गेलात कधी ते सांगा.

आधी व्हिसाचा विषय संपवतो. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट १८९८ पासून अमेरिकेकडे आहे. नेवार्कहून जाणारं विमान डोमेस्टिक, चलन डॉलर, वेगळा व्हिसा नाही. एच-वन किंवा टुरिस्ट व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि कागदपत्रं मात्र सोबत ठेवा. शेजारचा डोमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश आहे. दोन्हींची गल्लत करून घाबरणारे दरवर्षी भेटतात. याच्या उलट, सॅन हुआनहून क्रूझ धरली की तुम्ही अमेरिकेबाहेर पडता. पासपोर्टवरच्या व्हिसा स्टॅम्पची मुदत संपलेली असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय त्या बोटीवर पाय ठेवू नका.

भर दुपारी किल्ला, आणि तोही चुकीच्या वाटेने

ही माझी सर्वांत नावडती चूक. एल मोरो हा समुद्राच्या तोंडावरचा स्पॅनिश किल्ला, बांधकामाची सुरुवात १५३९. रस्त्यापासून त्याच्या दरवाजापर्यंत मोठं हिरवं मैदान आहे आणि त्या वाटेवर सावलीला एक झाड नाही. तशी ती मोकळी ठेवली ती मुद्दाम, चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. आज त्या माऱ्यात सापडतात ती बारा वाजता स्ट्रोलर ढकलणारी आपली मंडळी.

याहून वाईट प्रकार म्हणजे खालची वाट. शहराच्या लाल रंगाच्या जुन्या वेशीतून, म्हणजे सॅन हुआन दरवाजातून, बाहेर पडलं की तटबंदीच्या पायथ्याने समुद्राकाठी एक सुंदर फरसबंद वाट जाते. नाव 'पासेओ देल मोरो'. नाव मोरोचं, दिशा मोरोची, नकाशावर किल्ला अगदी टेकलेला. फक्त ही वाट किल्ल्यात चढत नाही. पायथ्याशी जाऊन संपते, आणि आल्या वाटेने परत फिरावं लागतं.

माझ्या मावसभावाला मी हे आदल्या रात्री सांगितलं होतं. "मॅप दाखवतोय ना, पाच मिनिटं," हे त्याचं उत्तर. सकाळी आम्ही दोन तुकड्या केल्या. मी तिकिटं काढून वर दरवाजाशी थांबलो. तो, वहिनी, दोन पोरं आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली मावशी खालून निघाले; वाटेत पोरांना आइस्क्रीम, मग कारंज्यापाशी फोटो, असं करत साडेअकरा वाजले. मग फोन सुरू. "आम्ही किल्ल्याच्या खालीच आहोत रे, दार कुठाय?" दार नाहीये. "अरे, भिंत दिसतेय समोर!" भिंत दिसणारच, ती अठरा फूट जाड आहे. मी वरून वाकून पाहिलं तर खाली मावशी एका दगडावर बसलेली, डोक्यावर ओढणी, आणि भाऊ फोन आडवा-उभा करून दार शोधतोय. परत वेशीपर्यंत चालत जाऊन, चढ चढून, ते मैदान तुडवत वर येईपर्यंत मावशीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. किल्ला तिने पाहिला तो दरवाजाजवळच्या बाकावरून.

माझी पद्धत सांगतो. नॅशनल पार्क सर्व्हिसचं तिकीट दहा डॉलरचं, सोळा वर्षांखालच्यांना फुकट. ते चोवीस तास चालतं आणि एल मोरो, सॅन क्रिस्तोबाल अशा दोन्ही किल्ल्यांना लागू होतं. पार्कचा वार्षिक पास असेल तर तोच दाखवा. मी पहिल्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला एल मोरोत शिरतो. साडेचारला किल्ला बंद होतो, तेव्हा बाहेर मैदानावर वारा सुटलेला असतो आणि लोक पतंग उडवत असतात. दुसऱ्या दिवशी साडेनऊला, उघडल्या उघडल्या, त्याच तिकिटावर सॅन क्रिस्तोबाल. आणि खालची वाट? ती सूर्यास्ताच्या तासाभर आधी, नुसती फिरायला. किल्ला गाठायला नव्हे.

"एक किल्ला पाहिला, दुसरा तसाच असणार"

नसतो. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाने असं म्हणावं याचं जास्त वाईट वाटतं. एल मोरो बांधला समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला इथून हात हलवत परतावं लागलं. पण १५९८ मध्ये इंग्रजांच्या अर्ल ऑफ कंबरलंडने जमिनीच्या बाजूने येऊन तोच किल्ला घेतला. त्याला पुढे हुसकावलं ते स्पॅनिश फौजेने नाही, हगवणीने. १६२५ मध्ये डच आले. एल मोरो त्यांच्या हाती लागला नाही, म्हणून जाताना शहर पेटवून गेले. पाठ उघडी आहे हे कळल्यावर १६३४ मध्ये पूर्वेच्या बाजूला सॅन क्रिस्तोबालचं काम सुरू झालं, आणि वाढत वाढत तो स्पेनने अमेरिका खंडात बांधलेला सर्वांत मोठा किल्ला झाला. १७९७ मध्ये इंग्रज पुन्हा आले आणि या पूर्वेकडच्या फळीपुढे अडकले.

कोरडा खंदक, भुयारं, पटांगणाखाली पावसाचं पाणी साठवणारी पाच टाकी. आपल्या गडांवरची टाकी पाहिलेल्याला इथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. एका अंधारकोठडीच्या भिंतीवर कुणीतरी काढलेली गलबतं आहेत, शिडं-दोऱ्यांसकट. माझ्या मते दोघांत हाच किल्ला सरस. वेळ एकाच किल्ल्यापुरता असेल तर हा बघा. आणि वेळ एकाच किल्ल्यापुरता का आहे, याचा एकदा विचार करा.

शाकाहारी आहोत एवढंच सांगून निर्धास्त होणं

मोफोंगो हा इथला मानाचा पदार्थ: कच्चं प्लांटेन, म्हणजे भाजीचं मोठं केळं, तळून, लाकडी खलात लसणाबरोबर कुटलेलं. वाचूनच आपल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण त्याच खलात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पडतात, आणि वर किंवा बाजूला येतो चिकनचा रस्सा. 'आर्रोस कोन गांदुलेस' म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात. तूर मूळची आपली, आफ्रिकेमार्गे इकडे पोचलेली. तोही बहुतेक ठिकाणी हॅम घालूनच शिजतो. राजम्यासारख्या बीन्सचीही तीच गत.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, असं पाठ करून नेलं होतं. वेटरने मान डोलावली. भात आला, छान नारिंगी. अर्धा संपल्यावर काकूंना गुलाबी चौकोनी तुकडा सापडला. वेटर गोंधळला. कार्ने म्हणजे त्याच्या हिशेबी गोमांस, आणि हे तर हॅम! त्याची चूक नव्हती. म्हणून नावं घेऊन विचारा: हॅम नको (सिन हामोन), बेकन नको (सिन तोसिनो), चिकनचा रस्सा नको (सिन काल्दो दे पोयो). कट्टर असाल तर तळणीचं तेल कुठलं तेही विचारा. तोस्तोनेस म्हणजे चेपून तळलेलं कच्चं प्लांटेन, आमारिओस म्हणजे पिकलेलं गोड, आणि सोरुयितोस म्हणजे मक्याच्या पिठाची तळलेली कांडी. यांवर आमची गाडी बऱ्यापैकी चालते. सकाळी बटर लावून भाजलेला, वर पिठीसाखर भुरभुरलेला मायोर्का पाव आणि तिथलीच कॉफी. पावात अंडं असतं आणि भरून मागितलात तर हॅम. चौकात ढकलगाडीवर पिरागुआ मिळतो, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच. पॅशनफ्रूटचा घ्या.

पिन्या कोलादा या रम, नारळ आणि अननसाच्या पेयाचा जन्म कुठे झाला यावर फोर्तालेसा रस्त्यावरचं बार्राचिना रेस्टॉरंट आणि कारिबे हिल्टन हॉटेल यांचं भांडण आहे. एकीकडे १९६३, दुसरीकडे १९५४. पाटीसोबत फोटो काढण्यासाठी रांगेत उभं राहू नका. पेय पुढच्या गल्लीतही मिळतं.

राहायचं कुठे

सगळे दिवस इस्ला व्हेर्देच्या बीच हॉटेलात काढून ओल्ड सॅन हुआनला "जाऊन येणं" ही अर्ध्या दिवसाच्या आजाराची मुळी. दोन रात्री तटबंदीच्या आत राहा, उरलेल्या कोन्दादो किंवा इस्ला व्हेर्दे या समुद्राकाठच्या भागांत. क्रूझची माणसं संध्याकाळी बोटीवर परतली की शहर वेगळंच होतं. बंदरात कुठल्या दिवशी किती बोटी लागणार याचं वेळापत्रक ऑनलाइन असतं. तीन-चार बोटींच्या दिवशी मी सरळ समुद्रावर जातो. खर्च झेपत असेल तर कॅथेड्रलसमोरचं एल कोन्व्हेंतो हॉटेल. इमारत १६५१ मधला जोगिणींचा मठ आहे.

अपार्टमेंट घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: कितवा मजला, लिफ्ट आहे का, वीज गेली तर जनरेटर आहे का. वीज जाते. सॅन सेबास्तियान रस्त्यावरचं घर स्वस्तात मिळालं तर का मिळालं ते रात्री एक वाजता खालच्या बारमधून कळतं. जानेवारीत तिथे याच नावाचा रस्त्यावरचा उत्सव भरतो. गर्दी आवडत नसेल तर तो आठवडा टाळाच.

बाकीचं एका दमात

भाड्याची गाडी जुन्या शहरात आत नेऊ नका. गल्ल्या एकेरी, पार्किंग रहिवाशांचं. ला पुंतियाच्या पार्किंगला सोडा आणि चाला. रस्त्यांची निळसर फरशी पावसाने निसरडी होते, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. किल्ल्यावर ड्रोन उडवायला बंदी आहे. तटाबाहेरच्या ला पेर्ला वस्तीत लोक राहतात, त्यांच्या दारात मोबाइल रोखू नका. पोहायचंच असेल तर एस्काम्ब्रोनच्या बीचवर जा, तटाखालच्या खडकांवर नाही. बिलात टिप आधीच धरली आहे का ते बघा, मग उदार व्हा. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम, तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

परतताना विमानतळावर चेक-इनच्या आधी बॅगा कृषी खात्याच्या मशीनमधून जातात. ही रांग हिशेबात न धरता धावत येणारे दर वेळी दिसतात. भाजलेली कॉफी खुशाल आणा. आंबा मात्र जाऊ देत नाहीत. तो तिथेच खाऊन संपवा.