जुनं मंगल कार्यालय आणि फायर सेफ्टी : सिलेंडर नंतर, आधी दारं मोजा

नागपुरातल्या महाल, इतवारी, धंतोलीतली जुनी मंगल कार्यालयं चालवणारे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, फायरचे सिलेंडर किती लावायचे?" मीही महालात असंच एक जुनं कार्यालय सांभाळते. वर हॉल, खाली पंगत, मागे भटारखाना. माझं उत्तर दरवेळी एकच असतं : आधी टेप घ्या आणि दारं मोजा. सिलेंडर लावणं एका दिवसाचं काम आहे, पण माणसं बाहेर पडू शकली नाहीत तर त्याचा काही उपयोग नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार जबाबदारी मालकाची किंवा वापर करणाऱ्याची असते. म्हणजे कार्यालय दुसऱ्याला चालवायला दिलं तरी मालकानं निर्धास्त राहू नये. आग विझवण्याची यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवायची आणि तिच्याकडून फॉर्म ए, म्हणजे ती नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला, घ्यायचा. त्यानंतर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महापालिकेच्या अग्निशमन विभागात द्यायचा. नोटीस येऊनही दुर्लक्ष केलं तर वीज आणि पाणी तोडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. हे दोन महिने आपल्या धंद्याला सोयीचेही आहेत. जानेवारीत बहुधा पौष असतो आणि जुलैत चातुर्मास लागतो. हॉल रिकामा असतो, सुतार-इलेक्ट्रिशियनला मोकळेपणानं काम करता येतं.

आता दारं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे एनबीसी 2016 मध्ये, सभागृहासारख्या जागेचं बाहेर पडण्याचं दार किमान 2 मीटर रुंद हवं असं आहे. माणसांचा हिशोबही त्यात दिला आहे. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर माणशी 0.65 चौरस मीटर, टेबल-खुर्च्या असतील तर 1.4 चौरस मीटर. समजा हॉल 300 चौरस मीटरचा आहे. जेवणाची टेबलं लावली तर साधारण 214 माणसं, नुसत्या खुर्च्या लावल्या तर 461. दारासाठी माणशी 6.5 मिलिमीटर रुंदी धरायची, म्हणजे 461 माणसांना जवळपास 3 मीटर. जिन्याला माणशी 10 मिलिमीटर, म्हणजे साडेचार मीटरच्या वर. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर जिना मोजल्याशिवाय दाराच्या आकड्याला अर्थ नाही. आणि ही सगळी रुंदी एकाच ठिकाणी नको. निदान दोन वाटा हव्यात, एकमेकींपासून लांब, म्हणजे एकीजवळ आग लागली तरी दुसरी मोकळी राहील.

आपल्या जुन्या सागवानी दारांची गोष्ट अशी, की चौकट पाच फुटांची असली तरी एक फळी कायम वरच्या कडीनं बंद असते. मग वाट उरते अडीच फुटांची. मोजताना तीच मोजा. दुसरं, ही दारं आत उघडतात. घाबरलेला जमाव दारावर रेटला गेला की आत उघडणारं दार उघडतच नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असं करणं सुताराचं काम आहे, फार खर्चाचं नाही. दार थेट अरुंद गल्लीत उघडत असेल, तर कार्यक्रम संपेपर्यंत दोन्ही फळ्या हुकला अडकवून उघड्या ठेवा. भिंत फोडून दार वाढवता येत नसेल, कारण जुन्या वाड्यांत तीच भिंत छताचा भार घेते, तर बाहेरून लोखंडी जिना काढता येतो का हे अग्निशमन विभागाला आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. तेही जमत नसेल तर माणसं कमी करा. बुकिंगच्या पावतीवर आकडा छापा आणि तो पाळा. एखादं बुकिंग जाईल, जाऊ द्या.

हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 ला एका मॅरेज पॅलेसमध्ये शाळेचा वार्षिक कार्यक्रम चालू होता. मांडवाचं कापड पेटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक लेकरं आणि बाया. ती जागा आपल्यासारखीच होती, लग्नाची. मांडव पेटला तर सुटकेची वाट दारच असते, म्हणून मी बिछायतवाल्याशी, म्हणजे मांडव-सजावट करणाऱ्याशी, दाराच्या बाबतीत तडजोड करत नाही.

कारण खरी अडचण तिथेच आहे. एजन्सी तपासते तो रिकामा हॉल. लग्नाच्या सकाळी बिछायतवाला येतो आणि दोन तासांत हॉल वेगळाच होतो. स्टेजमागचं दार पडद्यानं झाकलं जातं, एक्झिटच्या हिरव्या पाटीवर झालर येते, बाजूच्या दारासमोर सेल्फी पॉइंट उभा राहतो. मागच्याच सीझनला एक जण मला म्हणाला, "ताई, दार दिसलं तर फोटो चांगला येत नाही." मी म्हटलं, "दादा, मग स्टेज त्या भिंतीला घ्या. दार झाकायचं नाही." अर्धा तास कुरकुर झाली, पण स्टेज हलला. ही अट बुकिंग करतानाच वधू-वराकडच्यांना आणि बिछायतवाल्याला लेखी द्या. ऐन वेळी कोणी ऐकत नाही. थर्माकोल नको, कापड हॅलोजनला टेकलेलं नको. आग न धरणारं कापड आहे असं कोणी म्हणालं, तर एक चिंधी मागून घ्या आणि बाहेर अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून, पेटवून पाहा. वितळून पेटते थेंब गळत असतील तर ते कापड परत पाठवा. वधूच्या एंट्रीला हॉलमध्ये ठिणग्यांचे फवारे उडवायला मी साफ नाही म्हणते.

उन्हाळ्यातली लग्नं म्हणजे कूलर. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना कूलर नको असं नागपुरात कोणाला सांगणार? पण तो ठेवतात कुठे, तर हवा खेळते म्हणून दारात. सगळी दारं कूलरनं अडली तर वरचं सगळं मोजमाप वाया गेलं. त्यासाठी खिडकीला कायमची लोखंडी स्टँडं करून घ्या. सीझन संपला की कूलरच्या वाळलेल्या गवती ताट्या काढून टाका, जिन्याखाली रचू नका. जिन्याखालची जागा तर एकदा बॅटरी घेऊन बघाच. बहुतेक जुन्या कार्यालयांत तिथेच मीटर बोर्ड असतो आणि त्याला टेकून गाद्या-लोडांची चळत. वायर तापली की आधी गादी धुमसते आणि तो धूर जिन्यातूनच वर चढतो. गाद्या दुसऱ्या खोलीत हलवा. बोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर ठेवा. वायरिंग जुनं असेल तर कूलर, लाइट आणि डीजेचा एकत्र लोड इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. डीजेला वेगळी लाइन द्या, तिला एमसीबी (लोड वाढला की लाइन तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) हवेच.

भटारखान्यात 19 किलोचे गॅस सिलेंडर पेटत्या शेगडीला लागून नकोत. जादाचे बाहेर, सावलीत, उभे ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून तळघरात स्वयंपाक नाही. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून मोठं झाकण ठेवायचं. आचाऱ्याला हे झाकण कढईशेजारीच ठेवायला लावा.

हे सगळं झाल्यावर सिलेंडर. हॉलला एबीसी पावडरचे (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींना चालणारे), कुठूनही 15 मीटरच्या आत हाताला येतील असे, आयएसआय मार्कचे, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असलेले. वाढपी, वॉचमन, झाडणाऱ्या मावशी, प्रत्येकीच्या-प्रत्येकाच्या हातून एकदा पिन ओढवून घ्या.

मुहूर्ताच्या तासभर आधी मी स्वतः प्रत्येक दारातून बाहेर रस्त्यापर्यंत चालत जाते. वाटेत बाइक लावली असेल तर उचलायला लावते. कुलपांच्या किल्ल्या वॉचमनच्या खिशात असतात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. आणि 101 ला फोन कोणी करायचा, ते नाव त्या दिवशी आधीच ठरलेलं असतं.